न भांडणाऱ्यांनाही वकील हवा

(तालुका वकील संघाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सगळी हयात या तालुक्याच्या कोर्टात गेली. ऐपत नाही म्हणून त्यांच्या दारातून कोणी माघारी गेले, असे आजवर माझ्या कानावर आलेले नाही. त्यामुळे संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला शोधाशोध करावी लागली नाही. परस्परसंमतीचा घटस्फोट घेणाऱ्या गरीब माणसाला कायद्याची मदत मिळते का, मिळाली तर कधी मिळते, हा माझा विषय आहे. घटस्फोट वाढले की नाही, लग्नसंस्थेचे काय होणार, या चर्चेत मी आज शिरणार नाही. दोन माणसांनी विचारांती वेगळे व्हायचे ठरवले आहे, भांडायची दोघांची इच्छा नाही आणि गाठीला पैसा नाही. त्यांचे पुढे काय होते, तेवढे बोलते.

सुरुवात रखमाबाईंपासून करायला हवी. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा दावा १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाला. अकराव्या वर्षी लग्न लागलेली आणि नवऱ्याकडे कधीच नांदायला न गेलेली ही मुलगी. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. तुरुंग पत्करेन पण जाणार नाही, ही तिची भूमिका शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. दाव्याचा शेवट मात्र फारसा कोणी सांगत नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. त्या काळचे दोन हजार! रखमाबाईंच्या बचावासाठी मुंबईत समिती उभी राहिली होती, मागे प्रतिष्ठित घर होते, म्हणून ते जमले. आणि एवढे होऊनही लग्न कायद्याने मोडले नाहीच, कारण मोडायला वाटच नव्हती. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. सप्टेंबर १९५५ मध्ये त्या वारल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी मे महिन्यात आला.

मधल्या काळात काहीच झाले नाही असे नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात १९३१ साली आणि मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले. पण १९५५ च्या कायद्यातसुद्धा घटस्फोट हवा असेल तर दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागे. दोघांनी आधी आपसांत ठरवून अर्ज केला आहे असे न्यायाधीशांना वाटले, तर कलम २३ खाली संगनमत म्हणून अर्ज फेटाळला जाई. म्हणजे भांडण नसणे हाच अडथळा होता. सभ्यपणे वेगळे होऊ पाहणाऱ्या नवराबायकोला कोर्टात एकमेकांवर चिखल उडवावा लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात संमतीची सोय होती, पण नोंदणी पद्धतीने लग्न करणारे असे कितीसे होते?

मे १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब आले. एक वर्ष वा अधिक काळ वेगळे राहत असाल, एकत्र राहणे जमत नसेल आणि दोघांनी मिळून ठरवले असेल, तर दोघांनी एकत्र अर्ज करावा. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा येऊन, आमचे म्हणणे कायम आहे, असे सांगावे. त्याच १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घटनेत आला: पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये, म्हणून राज्याने मोफत कायदेविषयक मदत द्यावी. एकाच वर्षात आलेल्या या दोन तरतुदींची पन्नास वर्षांत नीट गाठ पडलेली नाही, हे माझे आजचे म्हणणे आहे. संमतीने वेगळे होणाऱ्याला वकिलाची गरज नाही, असे आपण सगळ्यांनीच मनोमन धरून ठेवले आहे. त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा बाईला आणि मुलांना बसतो.

आधी खर्चाचे बघू. कोर्टाचा म्हणून जो खर्च असतो तो फार नाही. महाराष्ट्र सरकारने १९९४ साली अधिसूचना काढून घटस्फोट, पोटगी, घरगुती हिंसाचार यांसारख्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही विनामूल्य द्यावी, असे कलम २३ मध्येच लिहिले आहे. कितीतरी पक्षकार त्या नकलेसाठी पैसे मोजून येतात. २००३ पासून बायकोला ती जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, त्यामुळे माहेरी परतलेल्या बाईने सासरच्या जिल्ह्यात खेटे घालायचे कारण उरलेले नाही.

मग पैसे जातात कुठे? वकिलाच्या फीमध्ये जातात, ती सांगण्याची काही रीत नाही म्हणून जास्त जातात. याच जिल्ह्यात एकाच प्रकारच्या अर्जासाठी पंधरा हजारांपासून लाखापर्यंतचे आकडे मी ऐकले आहेत, आणि टायपिंग, प्रतिज्ञापत्र, 'वरचा खर्च' त्यात धरलेले नव्हते. शिवाय बुडालेला रोज, एसटीचे भाडे, झेरॉक्स. लग्नपत्रिका नाही, लग्नाची नोंदणी केलेली नाही, मग फोटो शोधा, भटजींना शोधा. पुण्यामुंबईच्या कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, संमतीच्या अर्जाला वेगळा क्रमांक पडतो, लोक त्याला 'एफ पिटिशन' म्हणून ओळखतात, बाहेर बाकावर बसलेली माणसे एकमेकांना वाट सांगतात. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जातो. तिथे जमिनीच्या दाव्यांच्या गर्दीत हे जोडपे उभे असते आणि कोणाला काय विचारावे हे त्यांना समजत नाही.

आणखी एक खर्च आपण मोजत नाही, तो वर्षभर वेगळे राहण्याचा. मजुरी करणाऱ्याने दुसऱ्या खोलीचे भाडे कुठून आणायचे? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेश्ता देवी प्रकरणात स्पष्ट केले आहे की वेगळे राहणे म्हणजे नवराबायको म्हणून न राहणे. छप्पर एक असले तरी चालते. ही एवढी माहिती वेळेवर मिळाली, तर कित्येकांचे डिपॉझिट वाचेल.

मदत महाग आणि अनोळखी असली की माणूस जवळची वाट धरतो. आपल्याकडे ती वाट म्हणजे स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, झाले. अनेक समाजांत पंचांसमोर काडीमोड होत असे आणि कलम २९ ने अशी रूढी राखलीही आहे. पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. नोटरीच्या शिक्क्याने ते सिद्ध होत नाही. नोटरीने लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असे केंद्रीय विधी मंत्रालयाने २०२४ साली लेखी बजावले आहे. तरी कोर्टाच्या आवारात ते होतच असतात. पुढे त्या बाईने दुसरे लग्न केले की कायद्याच्या लेखी पहिले लग्न शाबूत आणि दुसरे रद्दबातल. दुसरा नवरा गेल्यावर निवृत्तिवेतनाच्या कागदावर तिचे नाव चढत नाही. तेव्हा ती आपल्याकडे येते आणि आपल्या हातात फार काही उरलेले नसते. त्या सोडचिठ्ठीला दीड-दोन हजार रुपये पडलेले असतात. त्याहून महागडा घटस्फोट मी पाहिलेला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. संमतीच्या घटस्फोटात सुनावणी अशी फार नसते. न्यायाधीश दोघांना विचारतात, स्वखुशीने सही केली का, कोणाची जबरदस्ती नाही ना? संमती धाकाने, फसवणुकीने किंवा दबावाने घेतलेली नाही याची खात्री करणे हे त्यांचे कायद्याने काम आहे. दोघेही हो म्हणतात. पण त्या 'हो'मध्ये काय काय आले, ते ठरते त्याच्या आधी, वकिलाच्या टेबलावर, समझोत्याच्या अटी लिहिताना. बाईला वकील लागतो तो त्या एका दिवशी.

एक जोडपे आठवते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. तो टेम्पो चालवायचा, ती खासगी दवाखान्यात आया होती. सहा वर्षांची मुलगी. दोघांचे भांडण नव्हते. जे व्हायचे ते होऊन गेले होते. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर असताना ती माझ्याकडे आली ती केवळ शेजारणीच्या सांगण्यावरून, सही करायच्या आधी कोणाला तरी दाखव म्हणून. मसुदा इंग्रजीत होता. तिचे शिक्षण नववीपर्यंत. मी एकेक कलम मराठीत वाचून दाखवू लागले. 'अर्जदार क्रमांक दोन हिला तिचे सर्व स्त्रीधन मिळाले असून तिची काही तक्रार नाही.' मी विचारले, मिळाले का? ती म्हणाली, कपाट आणि शिलाई मशीन आणले मी, पण आईचे गंठण पतसंस्थेत आहे. टेम्पोच्या हप्त्यासाठी दीड तोळ्याचे गंठण तारण ठेवले होते, पावती नवऱ्याच्या नावावर होती. पुढचे कलम मुलीचे: दरमहा तीन हजार, अठराव्या वर्षापर्यंत. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला जे तीन हजार, तेच सतराव्या वर्षीही. शाळेच्या फीचा उल्लेख नव्हता, दवाखान्याचा नव्हता. त्याच्या पुढे, यापुढे कोणत्याही प्रकारची पोटगी कधीही मागणार नाही.

मी नवऱ्यालाही बोलावून घेतले. तो आला, वहीत घडी करून ठेवलेली पतसंस्थेची पावती घेऊन आला. म्हणाला, मॅडम, गंठण मी देणारच होतो, यात असे लिहिले आहे हे मलाच माहीत नव्हते. आणि ते खरे होते. मसुदा आधीच्या कुठल्या तरी प्रकरणाचा होता, नावे तेवढी बदलली होती. बसून आम्ही तो पुन्हा लिहिला. दुसऱ्या तारखेच्या आत गंठण सोडवून द्यायचे, पावतीची प्रत कागदांना जोडायची. मुलीची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवायची, शाळेची फी निम्मी निम्मी. दर रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत निम्मे दिवस मुलगी वडिलांकडे. आजीला भेटायचे कधी, हेही त्यानेच लिहून घ्यायला लावले. सगळे मराठीत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, १९९८ च्या अधिसूचनेने तसे ठरले आहे, तरी आपण इंग्रजीला चिकटून बसतो. आपल्या पक्षकाराला वाचता येणार नाही अशा कागदावर त्याची सही घेणे मला कधीच पटले नाही, आणि या सभागृहातही ते कोणाला पटू नये असे मला वाटते.

त्या दोघांचा वकील एकच होता. संमतीच्या प्रकरणांत तसे चालते, खर्च निम्मा होतो. पण ज्याने एका पक्षाला सल्ला दिला त्याने विरुद्ध पक्षाचे काम करू नये, हा बार कौन्सिलचा नियम का आहे? फी बहुधा नवरा देतो, वकील त्याच्या ओळखीचा असतो, बाई समोरच्या खुर्चीत पाहुणीसारखी बसते. त्यात कोणाची नियत वाईट असावी लागते असे नाही. मसुदा एका वकिलाने करावा, माझी हरकत नाही. पण तो दुसऱ्या कोणीतरी तिच्या बाजूने वाचलाच पाहिजे. आणि हा दुसरा माणूस सरकार फुकट द्यायला बांधलेले आहे.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ पाहा. स्त्रीला, मग तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या, अपंग, कोठडीतल्या व्यक्तींनाही आहे. राहिलेल्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, आपल्या राज्यात वर्षाला तीन लाख. म्हणजे त्या टेम्पोवाल्यालाही वकील मिळू शकत होता. मदतीत वकिलाची फी येते, कागदपत्रांचा खर्च येतो, सल्लाही येतो. अर्ज साधा असतो, तालुका समितीत देता येतो, १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली ती १९४९ साली, पुढे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी अहवाल लिहिले. इतक्या मोठ्या माणसांनी घडवलेली ही व्यवस्था आहे.

पण ती व्यवस्था तारखेभोवती बांधलेली आहे. दावा असेल, समोर विरोधी पक्ष असेल, तर पॅनेलचा वकील नेमला जातो. एका ठिकाणी मी स्वतः एका बाईला घेऊन गेले तेव्हा टेबलामागून प्रश्न आला, तुमचे भांडण नाही ना, मग वकील कशाला, आपसांत करून टाका. ती बाई ओशाळली. जणू भांडली असती तर तिचा हक्क शाबूत राहिला असता. माझ्या पाहण्यात अशाही बाया आहेत ज्यांना मदत मिळावी म्हणून आधी तक्रार दाखल करायला सांगितले गेले. मग गुन्हा नोंदला जातो, दोन्ही घरे त्यात ओढली जातात, वर्षभराने समेट होतो आणि छळाचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही म्हणून तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय गाठावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, त्यामुळे सांगली-सिंधुदुर्गच्या माणसाची मुंबईवारी तरी वाचली. ज्यांचा खरोखर छळ झाला त्यांनी तक्रार करावीच, त्यांच्यामागे आपण उभे राहू. पण वकील मिळावा म्हणून भांडण उकरून काढायला लागणे ही आपल्या सगळ्यांना लाज आणणारी गोष्ट आहे.

सहा महिन्यांच्या मुदतीविषयीही बोलायला हवे. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही मुदत माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. अर्जाच्या आधीच वेगळे राहून दीड वर्ष झालेले असावे, समेटाचे सगळे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचा खराखुरा निकाल लागलेला असावा आणि थांबण्याने केवळ यातना वाढणार असाव्यात. गरिबांसाठी एक तारीख वाचणे म्हणजे एक रोज वाचणे, म्हणून या निकालाचे मी स्वागतच करते. तरी वकील मित्रांना सांगते, मुदत माफीचा अर्ज छापील कागदासारखा जोडू नका. दुसऱ्या तारखेपर्यंत संमती मागे घेता येते. जिला सही करताना कोणीच काही समजावले नव्हते, तिला शहाणे व्हायला कायद्याने दिलेला अवधी एवढाच आहे. तिच्या बाजूने कोणी मसुदा वाचलेला असेल, तर खुशाल माफी मागा.

सगळ्यांनाच हिंदू विवाह कायदा लागू नाही, हे मी विसरलेले नाही. मुस्लिम जोडप्यांना मुबारातने, म्हणजे परस्परसंमतीने, वेगळे होता येते आणि वैवाहिक दर्जा जाहीर करून घ्यायला कुटुंब न्यायालयात जाता येते. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या कायद्यात २००१ साली कलम १०-अ आले, त्यात वेगळे राहण्याची मुदत दोन वर्षांची लिहिली आहे. पारशी समाजाच्या कायद्यात ही सोय १९८८ पासून आहे आणि गोव्यात १९१० पासूनचा पोर्तुगीजकालीन कायदा आहे. कायदे वेगळे असले तरी अटी लिहिण्याचे टेबल सगळीकडे आहेच.

शेवटी या वकील संघाकडे एक मागणी करते, आणि ती याच व्यासपीठावरून करणे मला योग्य वाटते. आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी बाररूममध्ये पॅनेलवरचे दोन वकील बसतील, एक त्याच्यासाठी आणि एक तिच्यासाठी, आणि संमतीच्या अटींचा कोणताही मसुदा सही होण्यापूर्वी वाचून देतील. तालुका विधी सेवा समितीने त्याला सल्ल्याचे काम म्हणून मानधन द्यावे, कायद्यात त्याला आडकाठी नाही. अटींचा एक साधा मराठी नमुना तयार करा: स्त्रीधनाची यादी, तारण ठेवलेले दागिने, घरावरचे आणि गाडीवरचे कर्ज कोण फेडणार, मुलांचा खर्च आणि त्यातली वाढ, सुट्ट्या, आधीच्या तक्रारींचे काय करायचे. जिल्ह्याच्या विधी महाविद्यालयातल्या कायदा मदत केंद्राच्या मुलामुलींना त्या कामाला बसवा. ती मुले उत्साहाने येतील, मी विचारून आले आहे. जे वकील खासगीत ही कामे घेतात त्यांनी फी पहिल्याच दिवशी लेखी सांगावी, त्यात काय धरले आहे आणि काय नाही तेही लिहावे. कोर्टाच्या फाटकाशी मराठीत मोठा फलक लावावा: स्त्रीला कोर्ट फी नाही, हुकूमनाम्याची प्रत फुकट आहे, वकील मोफत मिळतो, त्यासाठी भांडण असावे लागत नाही.

संघाची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे असे अध्यक्षांनी मघाशी सांगितले. हा ठराव मी लिहून आणला आहे. तो मी त्यांच्याकडे देते आणि आपली रजा घेते.